ओझ्याला आधी वाट

परभणीहून पुण्यात राहायला येऊन मला अकरा महिने झाले. मुलाचं घर बिबवेवाडीत आहे, मार्केट यार्डापासून चालत पंधरा मिनिटांवर. तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेल्या पायांना घरात बसणं जमेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात ठरवलं, हे गाव पायी ओळखायचं. रोज एक रस्ता आणि रविवारी एक वस्ती. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त दिवाणजी राहतात. त्यांचा जन्म भवानी पेठेतला. यार्डाच्या गूळ-भुसार विभागात एका आडतीवर त्यांनी आयुष्यभर वह्या लिहिल्या. संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर आमचं बोलणं होतं. नवं शहर कसं फिरावं, यावर मात्र आमचं पटत नाही. गेल्या महिन्यातलं ते बोलणं इथे मांडते आहे, कारण ते जिथे येऊन थांबलं तो प्रश्न आमच्या दोघांपुरता नाही.

दिवाणजी : बाई, रविवारी पहाटे तुम्ही यार्डात होता म्हणे. भाजी आणायला गेला असाल तर ठीक. पण सूनबाई म्हणाल्या, फिरायला गेला होता.

मी : फिरायलाच गेले होते. पाचला आत शिरले आणि चांगलं उजाडेपर्यंत गाळ्यांमधून हिंडले.

दिवाणजी : अहो, शनिवारी भाजीपाल्याला सुट्टी असते. त्यामुळे रविवारी आठवड्यातली मोठी आवक. रात्रीपासून गाड्या लागतात. काम करणाऱ्यालाच तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि तुम्ही फिरायला जाता? फिरायला सारसबाग आहे, पर्वती आहे, तळजाईचं जंगल आहे. बाजार ही हिंडायची जागा नव्हे.

मी : मी मोंढ्याच्या गावची आहे, दिवाणजी. तुम्ही ज्याला यार्ड म्हणता त्याला आमच्या मराठवाड्यात मोंढा म्हणतात. वडील तूर घेऊन मोंढ्यात जायचे आणि संध्याकाळी परतताना त्यांच्या चेहऱ्यावर भाव वाचता यायचा. पुण्यात आल्यावर आधी बागेतच गेले होते मी. तिथे सगळं नीटनेटकं होतं, पण ओळखीचं काही सापडलं नाही. यार्डात पोत्यांची थप्पी दिसली, तागाचा वास आला, तेव्हा वाटलं की हे गाव आपल्याला कळू शकेल.

दिवाणजी : काय कळलं मग?

मी : पुणं जेवतं कुणाच्या जिवावर, ते कळलं. प्रत्येक गाळ्यासमोर मी एकच प्रश्न विचारला, माल कुठला? टोमॅटो नारायणगावचा, कांदा जुन्नर-मंचरकडचा, आलं साताऱ्याचं, बटाटा आग्र्याचा, लसूण मध्य प्रदेशातला. कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर असतो, म्हणजे शंभर जुड्यांवर, हेही तिथे समजलं. घराखाली एक जुडी घेताना ही शंभरातली एक आहे, असं कधी मनात आलं नव्हतं. मंडळी शहर ओळखायला किल्ले आणि वाडे बघतात. मला वाटतं, आधी शहराचं स्वयंपाकघर बघावं.

दिवाणजी : स्वयंपाकघर म्हणालात ते बरोबर. पण परक्याच्या स्वयंपाकघरात कुणी फिरायला जातं का? ही जागा कशी झाली ते ऐका. १८८६ साली मंडई बांधली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, पुढे महात्मा फुले मंडई झालं. भुसाराचा घाऊक व्यापार आमच्या नाना आणि भवानी पेठेत होता. शाळेत जाताना हातगाड्या आणि ट्रक यांच्यामधून अंग चोरून जावं लागे. ट्रक वाढत गेले आणि पेठांच्या गल्ल्या पुरेनात. १९५७ साली बाजार समिती स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या काळात घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे गुलटेकडीला आला. इथले रस्ते ट्रक वळावा म्हणून रुंद आहेत. ओटे माल उतरवायला सोयीचे म्हणून उंच आहेत. मंडई गिऱ्हाइकासाठी बांधली, यार्ड मालासाठी. फिरणारा माणूस या जागेच्या हिशेबातच नाही.

मी : हिशेबात नसला तरी आजूबाजूचं सगळं गाव त्या मालानेच वसलंय. मी पायी फिरले म्हणून हे दिसलं. चौकाचं नावच वखार महामंडळ चौक. हमालांची वस्ती, तिला नाव हमालनगर. बाजूला मुकुंदनगर आणि महर्षीनगरात व्यापाऱ्यांची घरं. गंगाधामच्या पुढे आई माता मंदिर, मारवाडातून आलेल्या सिरवी समाजाच्या देवीचं. पलीकडच्या वस्त्यांना तर तुम्ही पुणेकर नुसतं ‘अप्पर’ आणि ‘सुपर’ म्हणता. बसवरची ही नावं वाचून मी पहिला महिना गोंधळले होते. चालत गेले तेव्हा चढ लागला आणि अप्परचा अर्थ पोटऱ्यांना कळला.

दिवाणजी : वस्त्यांत हिंडा, मी नको म्हणत नाही. माझं म्हणणं यार्डापुरतं आहे, आणि ते जागेबद्दल नाही, माणसांबद्दल आहे. पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाला, बाई, मान वळवता येत नाही. त्याला समोरची दोन हात जमीन दिसते. त्याला थांबताही येत नाही, कारण थांबलं की ओझं वाढतं. चालताना पाय ते वाहून नेतात, उभं राहिलं की ते कमरेवर येतं. अशा माणसाच्या वाटेत उभं राहून कुणी विचारतं, माल कुठला. त्याचा घाम म्हणजे बघायची गोष्ट नव्हे.

मी : हे मला लागलं, दिवाणजी. आणि लागायला हवंच होतं. रविवारी माझ्यामुळे एकाला थांबावं लागलं. गाळ्याच्या तोंडाशी मी उभी होते. मागून ‘बाजू, बाजू’ अशी हाक येत होती, पण ती मला आहे हेच कळलं नाही. मग तो म्हणाला, ‘कामून उभ्या राहिल्या मधीच?’

दिवाणजी : रागावला असेल.

मी : रागावलाच होता. पण आमच्याकडचं ‘कामून’ ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा महिन्यांत पुण्यात हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. मी बाजूला झाले, तो पोतं टाकून परत आला तेव्हा विचारलं, कुठले? तो म्हणाला, जिंतूरकडचा. माझ्याच जिल्ह्यातला. म्हणजे आम्ही दोघंही या शहरात नवे. मी फिरते आहे, आणि तो रात्रभर तेवढंच किंबहुना जास्त चालतो आहे, ओझ्याखाली.

दिवाणजी : मराठवाड्यातली, सोलापूरकडची पुष्कळ माणसं आहेत. १९७२ च्या दुष्काळात तर लोंढे आले. पण त्यांचं आजचं जे काही बरं आहे ना, ते आपोआप झालेलं नाही. मी लहान होतो तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. डॉक्टर बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली ती आमच्याच पेठेतल्या हमालांना घेऊन. १९६९ साली माथाडी कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच सांगितलं होतं की पुरुषाने एका वेळी वाहायचं वजन ५५ किलोच्या आत असावं. तरी आपल्याकडे पन्नास किलोच्या पोत्यासाठी पुढे कितीतरी वर्षं भांडावं लागलं. हमालांच्या बायकांना घेऊन ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली, ना नफा ना तोटा. मी डबा विसरलो की तिथलीच झुणका-भाकर खात असे. वहीत आम्ही हमाली, तोलाई, वाराई असे तीन रकाने ओढायचो. चाळीस वर्षं ते आकडे लिहिले, म्हणून सांगतो, त्या माणसांकडे बघायला जाऊ नये. काम असेल तर जावं.

मी : आता माझा प्रश्न ऐका. चाळीस वर्षं तुम्ही ते आकडे लिहिलेत. यार्डाच्या जवळ डायस प्लॉटची वस्ती आहे. त्या गल्लीत तुम्ही किती वेळा गेलात?

दिवाणजी : (थोडं थांबून) वस्तीच्या आतून? एकदाही नाही. स्कूटरवरून बाहेरच्या रस्त्याने रोज जायचो.

मी : मी तिथून चालत गेले. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागतं, एवढी गल्ली. दारात भांडी घासणं चाललेलं, एक आजी लसूण सोलत बसलेली. मला म्हणाली, ‘कुणाकडं जायचंय?’ मी म्हटलं, कुणाकडे नाही, बघत चाललेय. ती म्हणाली, ‘मग पाणी पिऊन जा.’ तुम्ही म्हणता काम असेल तरच जावं. पण कामाने जोडलेली माणसं एकमेकांच्या वहीत राहतात, दिवाणजी. दारापर्यंत जायचं तर बिनकामाचंच चालावं लागतं.

दिवाणजी : (बऱ्याच वेळाने) हे तुमचं मी मान्य करतो. आता माझ्या बागेचंही ऐकून घ्या. तुम्हाला बाग ओळखीची वाटली नाही, कारण तुम्ही तिचं मूळ पाहिलं नाही. सारसबाग आधी बाग नव्हतीच, तळ्यातलं बेट होतं. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं. मधल्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला, म्हणून तो तळ्यातला गणपती. तळं गेलं आणि हिरवळ आली. शेजारी पेशवे उद्यानात १९५६ पासून फुलराणी ही छोटी आगगाडी धावते. मी तिच्यात बसलो, माझा मुलगा बसला, नातही बसली. तिथले प्राणी पुढे कात्रजला गेले, पण फुलराणी राहिली. आणि एक सांगतो. यार्डात मी दिवाणजी होतो, कुणी शेठ होता, कुणी हमाल. रविवारी संध्याकाळी सारसबागेत हे तिघंही पोराबाळांना घेऊन एकाच हिरवळीवर बसलेले मी पाहिलेत. म्हणून म्हणतो, शहर ओळखायचं तर माणूस जिथे ओझं उतरवून बसतो तिथे ओळखावं.

मी : ओढ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. पण आंबील ओढा मी चालले आहे. अरण्येश्वरच्या बाजूला एका पुलावर थांबले होते, तर एका बाईने भिंतीवर हात ठेवून दाखवलं, पाणी इथवर आलं होतं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. ओढ्याकाठच्या वस्त्यांत माणसं, जनावरं वाहून गेली. कात्रजकडून येणारं हे पाणी शहरात ओढा म्हणून कुणाच्या लक्षात नसतं, भिंती आणि इमारतींच्या मागून ते जातं. गाडीतून तो पूल दोन सेकंदांत मागे पडतो. तुमच्या सारसबागेचं तळं ज्याच्या पाण्यावर झालं, तोच हा ओढा. म्हणजे तुमची बाग आणि माझी वस्ती एकाच पाण्यावर आहेत.

दिवाणजी : पाण्याचंच म्हणाल तर कालवाही आहे. खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्याने स्वारगेटकडे येतो आणि हडपसरवरून पुढे दौंड, इंदापूरकडे जातो. ते पाणी तिकडे शेतात जातं आणि शेतमाल होऊन सोलापूर रस्त्याने यार्डात परत येतं. वहीत मी नुसतं गावाचं नाव लिहायचो. हे चक्र माझ्या डोक्यात आज आलं.

मी : मग एक करू या. एक दिवस तुम्ही मला यार्डात न्या, तुमच्या रीतीने. आणि एक दिवस मी तुम्हाला नेते.

त्याप्रमाणे आम्ही दोनदा चाललो. पहिल्या दिवशी दिवाणजींनी मला यार्डाची रीत शिकवली. ओट्याच्या कडेने चालायचं, गाळ्याच्या तोंडाशी उभं राहायचं नाही. मागून हाक आली की वळून बघत बसायचं नाही, आधी बाजूला व्हायचं. बोलायचं असेल तर माल उतरून झाल्यावर, चहाच्या टपरीपाशी. भुसार विभागात ते शिरले आणि दोन पावलांवर कुणी ना कुणी ‘दिवाणजी’ म्हणून हाक मारत होतं. त्या सकाळी मला कळलं की मी जे नुसतं पाहिलं होतं, ते त्यांनी जगलं आहे.

दुसरा दिवस माझा. मी मुद्दाम दुपारी साडेबाराची वेळ धरली.

दिवाणजी : भर उन्हात कुठे बाई?

मी : तुमच्या आवडत्या जागी. बागेत. सारसबागेत नाही, घराजवळच्या एका छोट्या बागेत.

दिवाणजी : पण ती आत्ता बंद असेल.

मी : तेच दाखवायचंय. कुलूप बघा. पुण्यातल्या बहुतेक सार्वजनिक बागा सकाळी अकराच्या सुमारास बंद होतात आणि चारला उघडतात. आता मागे वळून बघा. फाटकाबाहेर, पदपथाच्या कडेला, भिंतीच्या वीतभर सावलीत कोण झोपलंय?

दिवाणजी : (वाकून बघत) यार्डातलीच माणसं दिसतात. एकाच्या उशाला पोती ओढायचा आकडा आहे.

मी : रात्री कामाला लागलेला माणूस दुपारी मोकळा होतो. तुम्ही म्हणालात, शहर जिथे ओझं उतरवून बसतं तिथे ओळखावं. ज्यांनी पहाटे शहराचं सगळं ओझं उतरवलं, त्यांच्या बसण्याच्या वेळेला झाडाखालच्या बाकाला कुलूप असतं. आत सावली आहे, नळ आहे, आणि माणसं बाहेर आहेत.

दिवाणजी : या वेळेला मी कधी इकडे आलोच नाही. दुपारी मी आडतीवर पंख्याखाली असायचो. बागेत सगळे सारखे असतात असं मी म्हटलं, ते संध्याकाळचं होतं. (थोड्या वेळाने) बाई, आमच्या भवानी पेठेत पालखी विठोबाचं मंदिर आहे. आषाढीआधी माउलींची पालखी तिथे मुक्कामाला असते. पालखी आली की सगळी पेठ बाजूला होते. दुकानदार फळीवर चढून उभा राहतो, कुणाला सांगावं लागत नाही. हजारो परगावची माणसं पायी येतात आणि दोन दिवस पुणं त्यांचं होतं. ओसरी उघडी होते, शाळा उघड्या होतात, पाण्याचे माठ भरले जातात. ही वाट द्यायची रीत आम्हाला येते. रोजच्या ओझ्यासाठी ती कशी विसरलो?

मी : विसरला नाहीत. यार्डात तुम्ही मला तेच शिकवलंत, ओझ्याला आधी वाट. यार्डातली रीत रस्त्यावर आणि बागेच्या फाटकापर्यंत आणायची, एवढंच बाकी आहे.

परत येताना दिवाणजी पदपथावरून चालत होते, जिथे पदपथ मोकळा होता तिथे. उभ्या केलेल्या दुचाक्यांमुळे चार ठिकाणी रस्त्यावर उतरावं लागलं. ते म्हणाले, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, गाड्या बंद असतात, मी नातीला घेऊन जातो. असा एक दिवस चालणाऱ्याला मिळतो तर यार्डाभोवतीच्या रस्त्यांनाही मिळावा. स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली आहे. पुढे कात्रजच्या मार्गावर मार्केट यार्ड नावाचं स्थानकही मंजूर आहे. तेव्हा जमिनीखालून माणसं झपाट्याने येतील-जातील. वर चालणारा हमाल आणि पाटी घेतलेली बाई मात्र याच पदपथावर असतील, आणि त्यांच्यासाठी तो मोकळा हवा.

आमचा वाद पूर्ण मिटलेला नाही. दिवाणजी अजून म्हणतात की सुखाने चालायचं तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढाव्यात, आणि वर गेल्यावर शहर कसं दिसतं ते पाहावं. मी आता त्यांच्याबरोबर जाते. मला अजून वाटतं की नव्या माणसाने शहराची सुरुवात मोंढ्यापासून करावी. पण एका गोष्टीवर आमचं एकमत आहे. आम्ही दोघांनी मिळून एक अर्ज लिहिला आहे. त्यात मागणी एकच आहे : मार्केट यार्डाच्या परिसरातल्या बागा सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेतही उघड्या ठेवाव्यात. अक्षर दिवाणजींचं आहे, चाळीस वर्षांच्या वह्यांचं वळणदार अक्षर. पहिल्या दोन सह्या आमच्या आहेत, तिसरी जिंतूरच्या त्या माणसाची.

तुमच्या घराजवळ अशी बाग असेल तर एकदा दुपारी तिच्या फाटकापर्यंत चालत जा. बाहेर कोण बसलंय ते बघा, आणि त्यांच्यासाठी असाच एक अर्ज लिहा.